आपाच्या खोलीतले ढीग

इमरानचा फोन आला तेव्हा मला वाटलं, गादी झाली असणार. म्हणून त्याला बोलूच दिलं नाही. तुझ्या आईनं आठवड्यात देते म्हणून सांगितलं होतं, इकडे राळेगावात मी सतरंजीवर झोपून झोपून कंबर धरून चालतेय, तिला म्हणावं म्हाताऱ्या मास्तरणीची जरा तरी कीव कर... असं काय काय मी एका दमात म्हणून घेतलं. मी तोंडाळ आहे, हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पोरानं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "मावशी, अम्मी गेली." मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. आणि मी पुन्हा, अरे कुठं गेली, बाजारात का? शेवटी त्यानं फोन शेजारच्या कुणाकडे तरी दिला आणि त्या माणसानं मला समजेल अशा शब्दांत सांगितलं.

त्याला आता काही आठवडे झाले, तरी मी अजून तिथंच उभी आहे. मुमताजआपा आजारी नव्हती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, पण हातपाय माझ्यापेक्षा धड. सकाळी चहा पिऊन ती खोलीत गेली, खोळीला टाके घालायला बसली आणि हातात दाभण धरूनच शेजारच्या कापसाच्या ढिगावर कलंडली. कापसावर पडली म्हणून आवाज झाला नाही. समोरच्या पंक्चरवाल्यानं पाहिलं होतं, त्याला वाटलं आपा जरा आडवी झाली. खरं तर तेव्हाच त्याला नवल वाटायला हवं होतं. अख्ख्या मारेगावच्या गाद्या भरणाऱ्या त्या बाईला दिवसाउजेडी कशावर आडवं झालेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मी एसटीनं निघाले. वडकीला गाडी बदलताना लक्षात आलं की माझ्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे. गादी न्यायला येईन तेव्हा आणते असं तिला कबूल केलं होतं, म्हणून निघताना हातानं ती आपोआप उचलली असणार. माणसाच्या मातीला जाताना लोणच्याची बरणी कोण नेतं? मी नेली. सगळ्या वाटेत ती मांडीवर धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की हिला आता जाऊन चांगलं फैलावर घ्यायचं.

आमचं माहेर मारेगावचं. बाबांची तिथं जिनिंग होती. हंगामात कापसाच्या गाड्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत उभ्या असत. जिनिंगच्या आवाराच्या कोपऱ्यात, रस्त्याकडे तोंड करून एक लांबट खोली होती. त्या खोलीत अब्दुलचाचा गाद्या भरत. ते मन्सुरी, पिढीजात कापूस पिंजणारे, आणि मुमताजआपाचे सासरे. माझ्या लहानपणी ते धनुकलीनं पिंजायचे. तो टणत्कार ऐकतच आम्ही भावंडं शाळेत जायचो. ती खोली अब्दुलचाचांनी बाबांकडून विकत घेतली होती. रीतसर खरेदीखत झालं होतं, त्या दिवशी दोन्ही घरांत शिरा झाला होता आणि तो मी दोन्हीकडे खाल्ला होता. फक्त सरकारी नोंदीत चाचांनी आपलं नाव कधी चढवून घेतलं नाही. त्यांचं म्हणणं, शेटजींनी दिली, मी घेतली, गावानं पाहिली, आता मी तलाठ्याकडे गेलो तर शेटजींना वाटेल की माझा त्यांच्या शब्दावर भरवसा नाही. आणि बाबा आठवण करून देत नव्हते, कारण तसं केलं तर आपण उपकार मोजतोय असं चाचांना वाटेल. अशी दोघांची भीड. दोघंही एकमेकांची अब्रू राखत गेले आणि नोंद तशीच राहिली. आमच्याकडच्या माणसांच्या हातूनच अशी चूक होऊ शकते.

आपा पांढरकवड्याहून सून म्हणून आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. नवरा लवकर गेला, सासरे थकले आणि तिनं पिंजायची मशीन घेतली. गादी भरायला टाकण्यात लोकांची एकच धास्ती असते, आपला कापूस बदलला तर? लेकीच्या लग्नात माहेरच्या शेतातला कापूस घालून गादी केलेली असते. तिच्यावर बाळंतपणं झालेली असतात, कुणाचे सासरे शेवटचे दिवस तिच्यावर पडून राहिलेले असतात. त्या कापसात दुसऱ्या घरचा कापूस मिसळला तर बायांच्या जिवाला लागतं. म्हणून इतर ठिकाणी घरचं माणूस मशीनपुढे पहारा देत बसतं. आपाकडे कुणी बसत नसे. ती गादी उसवली की जुन्या खोळीची एक चिंधी फाडायची, काडीला बांधायची आणि त्या घरच्या ढिगात खोचायची. खोलीत शिरलं की भिंतीला लागून ढीग, आणि प्रत्येकावर आपापली चिंधी. एक ढीग हातावेगळा झाल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नसे, आणि मधे जमीन झाडून घ्यायची. मी तिला चिडवायचे, कापसाला काय कळतं गं तो कुणाचा आहे. ती म्हणायची, त्याले नाई कळत, म्हणून तं मले ध्यान ठेवा लागते.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, गाड्या येत नाहीत, जिनिंगचं फाटक हंगामातही बंद दिसायला लागलं. बाबा तेव्हा नव्हते, कारभार दादाकडे होता. माझा हा मोठा भाऊ तसा भला माणूस, पण अंगावर आलेलं संकट कुणाला सांगायचं नाही ही त्याची खोड. एका पतसंस्थेकडून कर्ज घेताना त्यानं जिनिंग गहाण ठेवली, आणि कागदावर अख्खा गट नंबर लिहून दिला, कारण नोंदीत सगळं एकच होतं. पुढे हप्ते थांबले, दावा झाला, आणि शेवटी दोघांनी कोर्टात तडजोड केली. दादानं सगळं आवार पतसंस्थेला द्यायचं, पतसंस्थेनं ते राजूरकडच्या एका कोळशाच्या ट्रकवाल्याला द्यायचं, कर्ज मिटलं. जज्जसाहेबांनी दोघांना विचारलं, मान्य आहे का? दोघं हो म्हणाले. तसा हुकूमनामा झाला. कोपऱ्यातली खोली दादाच्या डोक्यातच आली नाही. तो अजून शपथेवर हेच सांगतो, आणि ते खरं असावं. मला तर तेच जास्त भयंकर वाटतं. कट करणाऱ्या माणसाला निदान आपण कुणाचं काय काढून घेतोय हे ठाऊक असतं.

बेलीफ आला त्या दिवशी मी माहेरीच होते, दिवाळीनंतरचे दिवस होते. आपाला वाटलं, हे गिऱ्हाईक. तिनं त्याला बसायला सांगितलं, खोळ आणली का म्हणून विचारलं. तो बिचारा अवघडला. मग त्यानं कागद वाचला. जागा खाली करून द्यायची आहे, उभय पक्षांच्या संमतीनं हुकूमनामा झालेला आहे. आपा उभीच होती, अंगभर कापसाचे तंतू. तिनं विचारलं, "संमती? कोनाची?" बेलीफानं दोन नावं सांगितली. तिनं मान वळवून फाटकाकडे पाहिलं. फाटकात दादा उभा होता आणि त्याची नजर स्वतःच्या चपलांवर होती.  भाऊ माझा, आपा माझी, आणि मधे तो कागद. गल्लीतली माणसं जमली, बेलीफ पंचनामा करून परत गेला, पण पोलीस घेऊन पुन्हा येईन असं सांगून गेला.

तिला सगळ्यांनी एकच सांगितलं, संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नसतं, संपलं. वणीच्या एका वकिलांनी मात्र ते नीट उलगडून सांगितलं. ज्यांनी संमती दिली त्यांना मागे फिरता येत नाही. पण तुम्ही त्या दाव्यात नव्हताच, तुम्हाला कुणी बोलावलं नाही, तुमचा होकार घेतला नाही. दोघांच्या तडजोडीनं तिसऱ्याची जागा जात नसते. तुम्ही हरकत घ्या. तिनं हरकत घेतली, आणि गावात खळबळ उडाली. गाद्या भरणारी बाई शेटजींच्या मुलाविरुद्ध कोर्टात उभी राहते, हे लोकांना पचेना. माझ्या वहिनीनं तर आठवडाभर अन्नाची चव लागत नाही म्हणून सांगितलं. मी आपाच्या बाजूनं साक्ष दिली, शिऱ्यासकट. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

तिची स्वतःची साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. समोरचे वकील तिला नोंदीबद्दल विचारत राहिले, नाव का चढवलं नाही, इतकी वर्षं काय करत होता. तिनं सासऱ्यांची भीड सांगितली, ती कुणाला फारशी कळली नाही. मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, मी गावच्या गाद्या उसवते. पन एकाचा कापूस दुसऱ्याच्या खोळीत कधी भरला नाई. या दोघाइनं आपल्या समझोत्यात माही खोली भरून टाकली, अन मले खबर बी नाई." टंकलेखकाचे हात थोडे थांबले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ते त्याला पुढचं सांगायला लागले. त्यानंतर खोलीपुरती ताब्याची कारवाई थांबवून ठेवण्यात आली, आणि तारखा सुरू झाल्या.

त्या तारखांच्या दिवसांत मला एकदा तिच्या खोलीत आमच्या घरची चिंधी दिसली. ओळखीची, वहिनीच्या गुलाबी फुलांच्या खोळीची. मी अवाक् झाले. म्हटलं, आपा, यांची गादी तू भरतेस? तिनं मशीन बंद केली नाही, नुसती मान हलवली. वहिनीनं गुपचूप पाठवली होती आणि हिनं ती घेतली होती. कोर्टाचं कोर्टात, पाठीचं पाठीत, असं काहीसं ती त्या आवाजात म्हणाली. तिच्या जागी मी असते तर त्या गादीत सरकी भरून पाठवली असती.

खरेदीखत पक्कं होतं, त्यामुळे हळूहळू दादाच्या आणि पतसंस्थेच्या लक्षात आलं की ही हरकत टिकणार. मग नवीन तडजोडीचं बोलणं निघालं. आपाची खोली आणि तिच्यापुढची वाट वगळायची, बाकीचं आवार मोकळं करून द्यायचं. कोर्टाच्या बाहेर कडुनिंबाखाली वकिलांच्या टेबलावर तो कागद वाचला गेला. वकील खूश. दादानं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि माझ्याही हातात कप दिला. मला तर आनंदानं रडू फुटायचं बाकी होतं. आपानं पेन हातात घेतलं, आणि म्हणाली, अजून एकदा वाचा. वकिलांनी वाचलं. 'मागची झोपडी काढून' या शब्दांवर तिनं त्यांना थांबवलं. तिच्या भिंतीमागे किसनबाची झोपडी होती. किसनबा म्हणजे जिनिंगचा जुना चौकीदार, कोलाम समाजातला. बाबांनी त्याला कधीतरी सांगितलं होतं, राहा इथंच, तेवढ्यावर तो राहत होता. कागद नाही, खत नाही, काही नाही.

"किसनबाले इचारलं का?" आपा म्हणाली.

 वकिलांनी समजावलं, की त्याच्याकडे कसलाच पुरावा नाही, तो हरकत घेऊ शकत नाही. त्यावर ती म्हणाली, "हरकतीचं नाई म्हनत मी, वकीलसाहेब. इचारलं का, म्हनते." आणि पेन टेबलावर ठेवून दिलं. चहा निवत होता. मी तिला बाजूला ओढलं. म्हटलं, बाई गं, तुझी खोली सुटतेय, इतक्या खेपा घातल्या त्या कशासाठी, सही कर आणि मोकळी हो, किसनबाचं आपण मागाहून बघू. ती म्हणाली, "सुनंदा, मले नाई इचारलं तवा तुले केवढा राग आलता. आता कायले समजावून राह्यली?" मला असलं ऐकून घ्यायची सवय नाही. मी तरातरा बसस्टँडवर निघून आले. आणि खरं सांगते, आजही मला वाटतं की मी चुकीचं काही सांगत नव्हते. हातातोंडाशी आलेला घास होता, ट्रकवाला बिथरला असता तर सगळंच फिसकटलं असतं. पण ती हलली नाही. किसनबाला कोर्टात बोलवा, साहेबांसमोर विचारा, तो म्हणेल ते लिहा, मग माझी सही. वकील वैतागले, दादानं कपाळाला हात लावला. तारखा पुढे सरकल्या.

शेवटी किसनबाला आणलं. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हात जोडलेले. त्याला सावकाश समजावून सांगितलं, जागा जाणार आहे, तुझं काय म्हणणं आहे. आम्ही सगळे तयारीनं बसलो होतो, म्हातारा रडेल, नाहीतर भांडेल. तो म्हणाला, "मले तं जायचंच हाये, साहेब. पोरगी बलावून राह्यली पाटनबोरीले. पन शेटजीनं राह्य म्हनलं होतं. जा कोनी म्हनलंच नाई. मंग न सांगता कसा जाऊ?"

मी आयुष्यात असे पुष्कळ धक्के पचवले आहेत, पण हा अजून पचलेला नाही. म्हणजे बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस त्यांच्या शब्दाखातर बंद पडलेल्या जिनिंगची राखण करत बसला होता, आणि त्याला तिथून हाकलायला आम्ही कागद तयार करत होतो! साहेबांनी विचारलं, तुला काही हवं आहे का. त्याला झोपडीचं दार हवं होतं. सागवानी, त्यानं स्वतः तासून केलेलं. तेवढं कागदात लिहिलं गेलं, दार किसनबा घेऊन जाईल. मग आपानं सही केली. बाहेर आल्यावर ती ठसका लागेपर्यंत हसली. मी म्हटलं, एवढ्यासाठी आम्हाला इतकं नाचवलंस? एवढ्यासाठीच, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दादानं स्वतः त्या दाराच्या बिजागऱ्या खोलल्या, टेम्पो सांगितला, आणि दार बांधून झाल्यावर किसनबाच्या पायाशी वाकला. हे मला वहिनीनं सांगितलं. दादा असलं सांगत नाही.

आवारात आता कोळशाचे ट्रक उभे राहतात. खोली तिथंच आहे. काळी धूळ आत येऊ नये म्हणून आपा आवाराकडच्या दारावर ओली चादर टांगायची, दिवसातून कितीदा ती पिळून पुन्हा लावायची. बाबा जिनिंगच्या बैठकीत ज्या गादीवर बसायचे ती गादी दादानं एक दिवस स्वतःच्या खांद्यावर घालून तिच्याकडे आणली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्याच सुमाराला मीही माझी गादी दिली होती.

त्या दिवशी मी पोचले आणि थोड्या वेळानं जनाजा निघाला. बायका मागे राहिल्या, घरात रडारड चालली होती. मी उठून खोलीत गेले. ओली चादर वाळून कडक झाली होती. ज्या ढिगावर ती पडली त्यात खळगा तसाच होता. भिंतीला लागून बाकीचे ढीग, प्रत्येकावर काडी, काडीवर चिंधी. माझ्या खोळीची निळ्या चौकटीची चिंधी मला लगेच सापडली. तिच्या शेजारी बाबांच्या बैठकीची पांढरी. हातातली लोणच्याची बरणी मी तिच्या मशीनवर ठेवली आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.

इमरान राजूरच्या खाणीत कामाला आहे. तो मशीन चालवणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. ट्रकवाल्यानं त्याच्याकडे खोलीची विचारणा केली आहे. यावेळी निदान विचारलं आहे. इमरानचीही देऊन टाकायची तयारी आहे. पण लोकांचा कापूस आत असताना खोली कशी रिकामी करायची, असं म्हणून तो सुटीच्या दिवशी चिंध्या हातात घेऊन घरोघर हिंडतोय. ज्याची चिंधी त्याला दाखवतो आणि विचारतो, तुमचा कापूस नेता, की दुसरीकडं भरायला देऊ, का राहू देऊ. बहुतेकांनी नेला. मागच्या रविवारी तो राळेगावला माझ्याकडे आला. चहा प्यायला आणि निळ्या चौकटीची चिंधी माझ्यापुढे धरली. "मावशी, तुमी म्हनसान तसं. कोनी नाई म्हनलं तं मी खोली देत नाई. अम्मीनं मले तेवढंच शिकवलं."

आता तिथं दोनच ढीग उरले आहेत, माझा आणि बाबांच्या बैठकीचा. दादाला त्यानं दोनदा विचारलं. दादा म्हणतो, बघू... आणि मी सतरंजीवर झोपते. कंबर रोज दुखते. इमरानला अजून मी काही उत्तर दिलेलं नाही.